महामारीतल्या चळवळी आणि अनुदार लोकशाही: आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही बसतो, वाचतो, भांडतो. कोरोनाकाळातल्या आंदोलनांवर आम्ही सलग काही बैठका घेतल्या आणि तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर, फोनवर, कधी लोकलच्या दारात उभ्याउभ्या तेच तेच प्रश्न येत राहिले. विचारणाऱ्यांत कळव्याच्या विद्यार्थिनी आहेत, ऐरोलीचे निवृत्त कामगार आहेत, पनवेलकडचे प्रकल्पग्रस्त आहेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा ती एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘अनुदार लोकशाही’ म्हणजे नेमकं काय? निवडणुका होतात ना, मग ती लोकशाहीच की!

निवडणुका होतात, सरकार बहुमताने येतं, पण निवडून आल्यावर त्याला अडवणारं फारसं कुणी उरत नाही. न्यायालयं, वर्तमानपत्रं, विद्यापीठं, निवडणूक यंत्रणा आणि रस्त्यावरचं आंदोलन या सगळ्यांचा आवाज हळूहळू बारीक केला जातो. मुंबईत जन्मलेले फरीद झकारिया यांनी १९९७ मध्ये एका गाजलेल्या लेखात ही संज्ञा चर्चेत आणली. पुढे जुलै २०१४ मध्ये हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी आपण ‘अनुदार राज्य’ उभारतो आहोत असं जाहीर भाषणातच सांगितलं. टीकेसाठी वापरला जाणारा शब्द त्यांनी धोरण म्हणून स्वीकारला.

बैठकीत आम्ही याला गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण देतो, कारण ठाण्यात ते कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. कमिटी रीतसर निवडून आलेली असते. पण सर्वसाधारण सभा लांबते, इतिवृत्त मागितलं तर मिळत नाही, प्रश्न विचारणाऱ्या सभासदाच्या नावाने नोटीस लागते आणि पुढच्या निवडणुकीत उभं राहायला कुणी धजत नाही. मतदान झालेलं असतं, फक्त मतदानाच्या पुढचं सगळं बंद पडलेलं असतं.

२. तुम्ही भारतालाही याच यादीत घालता का?

याचं उत्तर आमच्या गटातही एक नाही. मार्च २०२१ मध्ये देशोदेशीच्या स्वातंत्र्याचं मोजमाप करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘फ्रीडम हाउस’ने भारताला ‘मुक्त’वरून ‘अंशतः मुक्त’ गटात टाकलं. त्याच महिन्यात स्वीडनच्या ‘व्ही-डेम’ संस्थेने भारताचं वर्णन निवडणुकीतून येणारी एकाधिकारशाही असं केलं. भारत सरकारने हे मूल्यमापन फेटाळलं. मोजपट्टीबद्दल वाद घालता येतो आणि घालावा. दुसरीकडे, याच देशात शेतकऱ्यांनी वर्षभर ठिय्या देऊन संसदेने केलेले कायदे मागे घ्यायला लावले (प्रश्न ७), हेही विसरता येत नाही.

माझं मत सांगतो. देशाच्या कपाळावर शिक्का मारण्यापेक्षा एकेक कृती तपासावी. अनुदार कृती कोणताही पक्ष करू शकतो आणि महाराष्ट्रात तेव्हा केंद्रातल्या सत्ताधाऱ्यांच्या विरोधकांचं सरकार होतं, हे लक्षात ठेवावं (प्रश्न १२).

३. साथ सगळ्यांनाच होती. चळवळींचं त्यात वेगळं असं काय बिघडलं?

चळवळीकडे पैसा नसतो, पोलीस नसतात, वाहिन्या नसतात. तिच्याकडे फक्त माणसं असतात आणि ती एकत्र येऊ शकतात एवढंच तिचं बळ. साथीने नेमकं एकत्र येणंच धोक्याचं करून टाकलं. हा धोका खरा होता. सरकारांनी तो बनवलेला नव्हता, म्हणूनच प्रश्न अवघड झाला.

लोक घरात असताना कामकाज मात्र थांबलं नाही. केंद्राने तीन शेती अध्यादेश ५ जून २०२० रोजी काढले. सप्टेंबरच्या अधिवेशनात लोकसभेत आणि राज्यसभेत प्रश्नोत्तराचा तास नव्हता. २० सप्टेंबरला राज्यसभेत शेती विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली, मतविभाजनाची मागणी होत असताना. त्याच आठवड्यात तीन कामगार संहिता मंजूर झाल्या. वर्षअखेरचं हिवाळी अधिवेशन साथीचं कारण देऊन रद्द झालं. पोलंडमध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने २२ ऑक्टोबर २०२० ला, दुसरी लाट चढत असताना, गर्भपाताचा उरलासुरला हक्क जवळजवळ संपवला. त्याच आठवड्यात तिथे पाचपेक्षा जास्त लोकांना एकत्र जमायची बंदी आली.

निर्बंध आरोग्यासाठी आहे की गप्प बसवण्यासाठी, हे ओळखायला आम्ही दोन गोष्टी विचारतो: याची मुदत कधी संपते? आणि हा सगळ्यांना सारखा लागू आहे का? हंगेरीत ३० मार्च २०२० ला झालेल्या कायद्याने सरकारला वटहुकमांनी कारभार करायची मुभा मिळाली आणि त्याला शेवटची तारीखच नव्हती. साथीबद्दल ‘खोटी’ माहिती पसरवली तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. तो कायदा जूनमध्ये मागे घेतला गेला, पण त्यापुढची कथा प्रश्न १३ मध्ये वाचा.

४. आपल्याकडे सरकारला एवढे अधिकार एका रात्रीत मिळाले कुठून?

एका रात्रीत मिळाले नाहीत, ते आधीपासून होते. साथरोग कायदा १८९७ चा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. चार-पाच कलमांचा तो कायदा सरकारला हवं ते करू देतो आणि त्याने नागरिकाला काय द्यायचं याबद्दल गप्प राहतो. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरांत घुसून झडत्या झाल्या, २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. साथ, सक्ती आणि राजद्रोह हे तिन्ही शब्द मराठी माणसाने एकाच वर्षात एकत्र अनुभवले आहेत.

बाकीचे अधिकार २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून, फौजदारी संहितेच्या कलम १४४ मधून आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ मधून आले. ठाणे आणि नवी मुंबईचे पोलीस आयुक्त कलम ३७ चे मनाई आदेश एरवीही ठरावीक काळाने काढत असतात. १ जुलै २०२४ पासून १४४ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. आकडा बदलला, अधिकार तोच आहे.

५. जमायचीच बंदी होती, तर लोकांनी विरोध केला तरी कसा?

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त उभारी देणारा.

सर्बियात संचारबंदी असताना लोक रोज रात्री आठ वाजता खिडकीत येऊन डॉक्टर-परिचारिकांसाठी टाळ्या वाजवायचे. एप्रिल २०२० च्या अखेरीस त्यांनी ठरवलं, आठला टाळ्या वाजवायच्या आणि आठ वाजून पाच मिनिटांनी सरकारच्या विरोधात भांडी बडवायची. मधली पाच मिनिटं फार महत्त्वाची. आरोग्यसेवकांबद्दलची कृतज्ञता आणि सत्तेबद्दलचा राग यांची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही. आपल्याकडे २२ मार्चच्या जनता कर्फ्यूला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या, त्या पंतप्रधानांच्या हाकेवर. पण थाळी आपल्याकडे विरोधाचंही वाद्य आहे. १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. ठाण्या-डोंबिवलीतल्या कितीतरी आज्यांना तो लाटणे मोर्चा आजही आठवतो.

पोलंडच्या बायकांनी एप्रिल २०२० मध्ये आणखी एक युक्ती काढली. सभेला बंदी होती, किराणा घ्यायला रांगेत उभं राहायला नव्हती. मग संसदेजवळच्या दुकानासमोर दोन-दोन मीटर अंतर ठेवून फलक घेऊन रांग लागली. इतरांनी वॉर्सातल्या मोठ्या चौकात गाड्या आणून हॉर्न वाजवले. बुडापेस्टमध्येही पुलाजवळच्या चौकात गाड्या गोल फिरवत हॉर्न वाजवले गेले, तिथे पोलिसांनी दंड केला. तेल अवीवच्या राबिन चौकात १९ एप्रिलला जमिनीवर खुणा आखून प्रत्येकाला आपली जागा दिली होती. वरून काढलेल्या छायाचित्रात तो जमाव बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो.

फिलिपिन्समध्ये टाळेबंदी असताना एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या वाढदिवसाला पहाटे माणसं जमली होती आणि ती फक्त ‘पहाटेची शुभेच्छा’ होती असं समर्थन झालं. १२ जून २०२० ला विद्यार्थी आणि कार्यकर्त्यांनी दहशतवादविरोधी विधेयकाविरुद्धच्या सभेला तेच नाव दिलं आणि केक, फुगे, वाढदिवसाच्या टोप्या घेऊन ते विद्यापीठात जमले. विधेयक थांबलं नाही, ३ जुलैला त्यावर सही झाली. पण नियम कुणासाठी वाकतो आणि कुणासाठी वाकत नाही हे त्या दिवशी भाषण न करता देशभर कळलं.

आणि बुडापेस्टचे नाट्य-चित्रपट विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांच्या संस्थेवर सरकारने आपल्या मर्जीचं विश्वस्त मंडळ नेमलं तेव्हा १ सप्टेंबर २०२० पासून त्यांनी इमारतच ताब्यात घेतली. ६ सप्टेंबरला विद्यापीठापासून संसदेपर्यंत मास्क लावलेल्या माणसांची साखळी उभी राहिली आणि एक सनद हातोहात पुढे गेली. दोन महिन्यांहून अधिक काळ ती इमारत त्यांनी राखली, नोव्हेंबरच्या नव्या संचारबंदीत सोडावी लागली.

६. विमानतळाच्या नावाचं आंदोलन कोरोनातच झालं ना? ते या चर्चेत बसतं का?

बसतं, आणि आपल्या दारातलं असल्याने जास्त बारकाईने पाहायला हवं.

नवी मुंबई विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं ही प्रकल्पग्रस्तांची मागणी होती. २०२१ च्या वसंतात सिडकोने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा ठराव केला. दुसरी लाट नुकती ओसरत होती. १० जूनला भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली. २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडकोला घेराव घालायला आगरी-कोळी-कराडी गावांतून माणसं लोटली. मोठा बंदोबस्त होता, वाहतूक वळवली होती, पुढे साथीचे नियम मोडल्याचे गुन्हेही दाखल झाले.

हे आंदोलन फक्त नावाचं होतं असं मानणाऱ्यांना जानेवारी १९८४ माहीत नसतो. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उरण-जासईकडे शेतकरी उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. ज्यांच्या घरात हुतात्म्यांचे फोटो आहेत, त्यांना ‘साथ आहे, नंतर बघू’ हे वाक्य वेगळं ऐकू येतं. जमीन गेली तेव्हाही ‘नंतर बघू’ असंच सांगितलं होतं.

प्रश्न ३ मधल्या दोन कसोट्या इथे लावल्या तर निकाल सरळ लागत नाही. दुसऱ्या लाटेत या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाने माणसं गमावली होती, त्यामुळे जमावबंदीला सबळ कारण होतं. पण नावाचा ठराव करायला साथ आड आली नाही आणि त्यावर बोलायला मात्र आली. मी त्या दिवशी बेलापूरला होतो. अनेकांचे मास्क हनुवटीवर होते, हे मला खटकलं आणि ते सांगायला हवं. जूनच्या साखळीत अंतर राखणं सोपं होतं, घेरावात नव्हतं. माझ्या मते साखळीच अधिक ताकदीची होती.

२९ जून २०२२ ला आघाडी सरकारच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत दि. बां.च्या नावाला मान्यता मिळाली आणि पुढच्याच महिन्यात नव्या सरकारने तो निर्णय पुन्हा घेतला. दोन्ही बाजूंच्या सरकारांना ते मान्य करावं लागलं.

७. शाहीन बाग उठली आणि शेतकरी आंदोलन टिकलं. असं का?

नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध दिल्लीतल्या शाहीन बागेचा ठिय्या १५ डिसेंबर २०१९ ला सुरू झाला आणि २४ मार्च २०२० ला, १०१ व्या दिवशी, पोलिसांनी मंडप काढला. नागपाड्याला मोरलँड रोडवरची ‘मुंबई बाग’ही त्याच सुमारास थांबली. तेव्हा साथ नवी होती, भीती खरी होती आणि ठिय्यातल्या अनेक बायका वयस्क होत्या. थांबणं हा शहाणपणाचाही निर्णय होता. पण ज्याला विरोध होता तो कायदा कायम राहिला आणि थांबलेलं आंदोलन त्याच रूपात पुन्हा उभं राहू शकलं नाही.

शेतकरी २६ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीकडे निघाले तोवर आठ महिने गेले होते, लोक साथीबरोबर जगायला शिकले होते. त्यांच्यामागे गावोगावच्या जुन्या संघटना होत्या, धान्य होतं, लंगर होता, ट्रॉलीत झोपायची सोय होती. सिंघू, टिकरी, गाझीपूर इथे त्यांनी जवळपास गावंच वसवली. तिसरं कारण बोलायला अवघड आहे, पण टाळता येत नाही. पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याला देशद्रोही म्हणणं मुस्लिम बायकांना म्हणण्याइतकं सोपं नव्हतं. तसा प्रयत्न झाला, तो फारसा चालला नाही. इथे एक आठवण: फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने माजलगावच्या आंदोलकांबद्दल स्पष्ट सांगितलं होतं की एका कायद्याला विरोध केला म्हणून कुणाला देशद्रोही म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातून जानेवारी २०२१ मध्ये नाशिकहून निघालेला वाहन जथा कसारा घाट उतरून ठाणे जिल्ह्यातूनच आझाद मैदानाकडे गेला. १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेण्याची घोषणा झाली, दहा दिवसांनी संसदेने ते रद्द केले.

८. खरं सांगा, आंदोलनांमुळे कोरोना पसरला ना?

गर्दीने विषाणू पसरतो, मग ती कुठलीही असो. उघड्यावर, मास्क लावून, अंतर ठेवून धोका बराच कमी असतो. बंद गाडीत कोंबून नेलं किंवा कोठडीत एकत्र डांबलं की तो वाढतो. म्हणजे काही वेळा अटक ही सभेपेक्षा घातक ठरू शकत होती.

हिशेब मांडायचा तर सगळ्या गर्दींचा मांडावा. एप्रिल २०२१ मध्ये बंगालमध्ये प्रचारसभा चालू होत्या, हरिद्वारला कुंभमेळा भरला होता. मद्रास उच्च न्यायालयाने त्या महिन्यात निवडणूक आयोगाला अत्यंत कठोर शब्दांत सुनावलं. सर्बियात २१ जून २०२० च्या निवडणुकीआधी निर्बंध सैल केले गेले आणि ७ जुलैला पुन्हा संचारबंदीची घोषणा झाली. लोक संतापून संसदेवर गेले ते याच कारणाने, आणि ती संचारबंदी सरकारला सोडावी लागली.

९. जेवण वाटणं, ऑक्सिजन मिळवून देणं ही समाजसेवा झाली. तिला चळवळ कशाला म्हणायचं?

सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगने गेल्या, आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवताना संसर्ग होऊन. ती सेवा होती की सत्यशोधक चळवळ? त्यांनी स्वतः असा भेद केला असता असं मला वाटत नाही. ज्याला कुणी शिवत नाही त्याला पाठीवर घेणं हेच त्या चळवळीचं म्हणणं होतं.

एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबई-नाशिक महामार्गाने माणसं चालत निघाली. भिवंडीचे यंत्रमाग बंद, खोलीचं भाडं थकलेलं, रेल्वे बंद. माजिवडा ते पडघा या पट्ट्यात ज्यांनी ताक, केळी, चपला वाटल्या, त्यांतल्या बहुतेकांना आपण चळवळ करतो आहोत असं वाटलं नव्हतं. आमच्या ओळखीच्या काही जणांनी दुसऱ्या आठवड्यापासून चालणाऱ्यांची नावं, गावं, मालकाकडे राहिलेली मजुरी वहीत लिहायला घेतली. त्या वहीने दान आणि चळवळ यांच्यातला फरक मला शिकवला. भूक भागवून माणूस पुढे जातो. थकलेली मजुरी लिहून ठेवली की मागणी तयार होते.

सत्तेलाही हा फरक कळतो. एप्रिल २०२१ मध्ये फिलिपिन्सच्या केझॉन सिटीत एका रस्त्यावर बांबूच्या गाड्यावर धान्य-भाजी ठेवून ‘जमेल तेवढं द्या, लागेल तेवढंच घ्या’ असा फलक लावला गेला. आठवड्याभरात अशा शिदोऱ्या देशभर उभ्या राहिल्या आणि लगेच त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारला गेला. वाटप खुपत नव्हतं, ‘सरकार कुठे आहे?’ हा त्यामागचा न बोललेला प्रश्न खुपत होता.

१०. जे कार्यकर्ते आधीच तुरुंगात होते, त्यांचं काय झालं?

खारघरचं तळोजा कारागृह आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून हा प्रश्न आम्ही टाळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० ला तुरुंगांतली गर्दी कमी करायला उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितलं. महाराष्ट्रात यूएपीएसारख्या (दहशतवादाविरुद्ध वापरला जाणारा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) विशेष कायद्यांखालच्या कैद्यांना त्या सुटकेतून वगळलं गेलं. पुण्यातल्या एल्गार परिषद प्रकरणात आनंद तेलतुंबडे आणि गौतम नवलखा १४ एप्रिल २०२० ला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, शरण आले. वरवरा राव यांना जुलैमध्ये कोरोना झाला, वैद्यकीय जामीन फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाला. याच प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झालेल्या, आदिवासींमध्ये काम करणाऱ्या फादर स्टॅन स्वामींचे हात पार्किन्सनने थरथरायचे. पेला धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, ८४ व्या वर्षी, ते कच्चे कैदी असतानाच गेले. खटल्यातल्या आरोपांबद्दल न्यायालय ठरवेल. पण दोषी न ठरलेल्या माणसाला पाणी पिण्यासाठी अर्ज करावा लागणं याला साथ जबाबदार नव्हती.

११. आशाताईंनी ऐन साथीत संप केला, ते बरोबर होतं का?

माझं उत्तर ‘हो’ आहे. दारोदार जाऊन ताप तपासणाऱ्या, ऑक्सिमीटर घेऊन चाळी चढणाऱ्या या बायकांना सरकार ‘स्वयंसेविका’ म्हणतं, म्हणजे पगार द्यावा लागत नाही. १५ जून २०२१ ला राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. लाट ओसरल्यावर गेल्या, हे ध्यानात घ्या. आठवड्याभरात सरकारने मानधनात हजार रुपये आणि कोविड भत्ता पाचशे रुपये मान्य केला. टाळ्या मार्च २०२० मध्ये मिळाल्या, पंधराशे रुपयांना पंधरा महिने आणि एक संप लागला.

१२. इथे विरोधकांचं राज्य होतं. मग त्यांनी आंदोलनं अडवली तर त्यालाही ‘अनुदार’ म्हणायचं का?

कृती तशी असेल तर होय. २०२० च्या उत्तरार्धात मंदिरं उघडण्यासाठी भाजपने ‘दार उघड उद्धवा’ म्हणत घंटानाद केला, ३१ ऑगस्टला प्रकाश आंबेडकर पंढरपुरात हजारोंसह गेले. वारी रद्द झालेल्या वर्षी लोकांची ती तळमळ खोटी नव्हती. मद्यविक्री मे महिन्यात सुरू झाली आणि मंदिरं पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली, तेव्हा ‘सगळ्यांना सारखं का नाही?’ हा प्रश्न रास्तच होता. फरक एवढा की आंदोलन झालं, त्याची बातमी आली, विधिमंडळात त्यावर बोललं गेलं. विरोध ऐकला जाण्याच्या वाटा उघड्या होत्या.

मास्क आणि लसीलाच विरोध करणाऱ्या आंदोलनांबद्दलही विचारलं जातं. बर्लिनमध्ये २९ ऑगस्ट २०२० ला असा जमाव संसदेच्या पायऱ्यांवर चढला. तीही चळवळच, तिलाही बोलायचा हक्क आहे. मात्र दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याची सूट मागणं आणि आपलं म्हणणं ऐकून घ्या म्हणणं या दोन मागण्या मी एका पारड्यात ठेवत नाही.

१३. साथ संपली. घेतलेले अधिकार परत गेले का?

काही गेले. केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे आदेश ३१ मार्च २०२२ नंतर वाढवले नाहीत, राज्याचे निर्बंध गुढीपाडव्याच्या तोंडावर उठले. हंगेरीत मात्र मे २०२२ मध्ये कारण बदललं, विषाणूच्या जागी शेजारच्या युक्रेनमधलं युद्ध आलं आणि आणीबाणीची स्थिती चालू राहिली.

आपल्या गावचं उदाहरण याहून बोलकं आहे. नवी मुंबई महापालिकेची निवडणूक एप्रिल २०२० मध्ये व्हायची होती, ती साथीमुळे पुढे गेली. मे २०२० पासून प्रशासक आला. पुढे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचे वाद त्यात मिसळले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतर मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास सहा वर्षं वाशी, नेरूळ, घणसोलीतल्या माणसाला नळ, गटार, कर यांबद्दल जाब विचारायला स्वतः निवडलेला नगरसेवकच नव्हता. हे कुणी कट करून घडवलं असं मी म्हणत नाही. तीन महिन्यांची पुढे ढकलणी सहा वर्षं कशी होते आणि त्याविरुद्ध एकही मोठा मोर्चा कसा निघत नाही, हे मला जास्त अस्वस्थ करतं.

१४. न्यायालयांनी काही केलं की नाही?

केलं, पण बऱ्याचदा उशिरा. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला गुजरातची अधिसूचना रद्द केली. साथीच्या नावाखाली कारखान्यांना जादा तास राबवून घेण्याची सूट तिने दिली होती. साथ म्हणजे कारखाने कायद्यातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, असं न्यायालय म्हणालं. पोलंडमध्येही न्यायालयांनी आंदोलकांचे दंड पुन्हा पुन्हा रद्द केले, कारण सभेचा हक्क नुसत्या सरकारी नियमावलीने काढून घेता येत नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये, ७ तारखेला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शाहीन बाग प्रकरणात रस्ते बेमुदत अडवता येणार नाहीत, आंदोलन ठरवून दिलेल्या जागीच व्हावं, असंही सांगितलं. ठाण्यात किंवा बेलापूरला परवानगी मागायला गेल्यावर आजही तोच निकाल पुढे केला जातो.

१५. ऑनलाइन आंदोलनाला काही अर्थ असतो का?

असतो, त्याची मर्यादाही असते. पर्यावरण परिणाम मूल्यमापनाचा नवा मसुदा मार्च २०२० मध्ये आला, फक्त इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणायला सांगितलं आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत नेली. तरुणांनी घरात बसून ईमेलचा पाऊस पाडला. त्यांतल्या एका गटाचं संकेतस्थळ बंद पडलं आणि त्यांना यूएपीएचा उल्लेख असलेली नोटीस आली. ती चुकून गेली, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. एका ईमेलला दहशतवादाचा कायदा दाखवला जात असेल, तर त्या ईमेलमध्ये काहीतरी दम होता.

१६. लॉकडाऊनमध्ये माझ्यावर १८८ चा गुन्हा झाला होता. आता नोकरीच्या फॉर्ममध्ये काय लिहू?

आधी स्थिती तपासा. भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ मध्ये (सरकारी आदेश न पाळणं) न्यायालयाला दखल घ्यायची तर संबंधित सरकारी अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते आणि त्यालाही मुदत असते. टाळेबंदीतले असे बरेच गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये जाहीर केला, पण तुमचा खटला न्यायालयात गेला असेल तर सरकारी वकिलाने अर्ज करून न्यायालयाने परवानगी द्यावी लागते. घोषणा झाली म्हणून आपोआप मिटलं असं समजू नका. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर नाव टाकून पाहा, पोलीस ठाण्यात लेखी विचारा, मिळालेलं उत्तर जपून ठेवा. फॉर्ममध्ये खोटं लिहू नका. चारित्र्य पडताळणीत बाधते ती लपवलेली गोष्ट. गुन्ह्यात इतरही कलमं असतील तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१७. आमच्याकडे त्या काळातले बरेच कागद पडलेत. फेकू का?

कृपा करून फेकू नका. ई-पास, पोलिसांची नोटीस, मोलकरणींना प्रवेशबंदी करणारं सोसायटीचं पत्रक, श्रमिक गाडीचा अर्ज, शिधावाटपाची वही, व्हॉट्सअॅपवरची मदतयादी, यातलं काहीही उद्या पुरावा ठरू शकतं. यंत्रातून निघालेल्या पावत्यांवरची अक्षरं काही वर्षांत उडतात, त्यांचे फोटो आजच काढा. फोटोला नाव देताना तारीख आणि जागा घाला. यादीत लोकांचे फोन नंबर किंवा आजाराची माहिती असेल तर तेवढा भाग झाकून मगच कुणाला दाखवा. वही असेल तर ती तशीच ठेवा, पानं सुटी करू नका. कुणाच्या अक्षरात काय लिहिलं आहे हे ज्याने लिहिलं त्याच्याकडून विचारून मागच्या पानावर पेन्सिलीने नोंदवा. ते सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत.